केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सरच्या तिसऱ्या केमोच्या वेळी लाल औषध शिरेत न जाता हाताच्या कातडीखाली गेलं आणि त्या हाताचं पुढे जे झालं ते आम्ही पाच-सहा महिने बघितलं. तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात, रात्री साडेअकराला फोटो येतात की ताई हे बघा हात असा दिसतोय काय करू, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. पण डे-केअरच्या (जिथे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात) सिस्टर, कॅन्सरचे डॉक्टर आणि नंतर प्लास्टिक सर्जन अशा सगळ्यांना शेजारी बसून खोदून खोदून विचारलंय.

तुमच्याकडे आत्ता वेळ नसेल, पेशंट आत्ता खुर्चीवर असेल आणि सुईपाशी जळत असेल, तर वाचत बसू नका, आधी सिस्टरना हाक मारा.

केमो लीक झाली म्हणजे नेमकं काय होतं?

शिरेतून रक्तात जायचं औषध शिरेच्या बाहेर, कातडीखालच्या मांसात उतरतं. डॉक्टर फाइलमध्ये एक्स्ट्राव्हॅसेशन लिहितात, वॉर्डात सगळे आउट गेलं म्हणतात. सुईचं प्लास्टिकचं टोक हलून शिरेबाहेर येतं, किंवा शिरेची भिंत पातळ असते आणि फुटते, किंवा आधी त्याच शिरेला टोचून सोडलेलं असतं आणि त्या जुन्या भोकातून औषध बाहेर येतं. रक्तात गेलं की औषध लगेच सगळ्या अंगभर पसरतं, पातळ होतं. पण मांसात गेलं की ते तिथेच साचतं, सगळा जोर त्या एका जागेवर, आणि ज्या औषधाचं कामच पेशी मारणं आहे ते तिथल्या चांगल्या पेशीही मारत सुटतं.

साधं सलाईन आउट गेल्यावरही हात सुजतो, मग यात वेगळं काय?

साध्या सलाईनची सूज एक-दोन दिवसांत उतरते. केमोच्या काही औषधांची सूज उतरते आणि खाली जखम तयार होत राहते. म्हणून "काही नाही हो, सलाईन आउट गेलंय, बसेल सूज" हे वाक्य केमोच्या दिवशी ऐकून घ्यायचं नाही, कुठलं औषध चालू होतं ते आधी विचारायचं.

कुठल्या औषधांनी जास्त धोका असतो? आमच्या औषधाचं नाव कुठे बघू?

डॉक्टर तीन गट करतात.

पहिला गट व्हेसिकंट. ही औषधं बाहेर गेली तर फोड येतात, कातडी मरते, जखम खोल जाते. डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन, आयडारुबिसिन, मायटोमायसिन, डॅक्टिनोमायसिन, विनक्रिस्टिन, विनब्लास्टिन, विनोरेलबिन ही त्यातली मुख्य. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल यांना काही जण याच गटात धरतात, काही जण थोडं सौम्य मानतात, आपण आपलं जपूनच राहावं.

दुसरा इरिटंट. यात आग होते, लाल होतं, शीर कडक होते, पण कातडी मरायची वेळ सहसा येत नाही. कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड, ऑक्सालिप्लॅटिन, डकारबाझिन वगैरे. सिस्प्लॅटिन जास्त दाट असेल आणि बरंच बाहेर गेलं तर तेही जखम करू शकतं.

तिसऱ्या गटात सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट, सायटाराबिन, ब्लिओमायसिन अशी औषधं येतात, त्यांनी सहसा मोठं नुकसान होत नाही.

ब्रेस्ट कॅन्सरला सुरुवातीला बऱ्याचदा एसी नावाची दोन औषधांची केमो देतात, त्यातला ए म्हणजे ॲड्रियामायसिन, म्हणजेच डॉक्सोरुबिसिन, तेच लाल औषध. लिम्फोमाच्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) आर-चॉप नावाच्या केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन आणि विनक्रिस्टिन दोन्ही असतात, म्हणजे दोन्ही व्हेसिकंट. तुमच्या केमोच्या कागदावर प्रत्येक औषधाचं नाव आणि क्रम लिहिलेला असतो, तो कागद सुई लावायच्या आधी मागून बघा आणि सरळ विचारा, सिस्टर यातलं व्हेसिकंट कुठलं? हा एक शब्द तुम्हाला माहीत आहे म्हटल्यावर समोरचा माणूसही जास्त लक्ष देतो, हे मी स्वतः बघितलंय.

विनक्रिस्टिन सदाफुलीपासून बनतं म्हणे, मग ते इतकं वाईट कसं?

हो, विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन दोन्ही आपल्या दारातल्या सदाफुलीतूनच सापडली. पण झाडातून आलं म्हणून सौम्य असं काही नसतं, शिरेबाहेर गेलं तर ही दोन्ही कातडी जाळतात. आणि हे वाचून कोणी सदाफुलीच्या पानांचा रस प्यायला सुरुवात करू नका, ते विषारी आहे.

लाल औषधालाच सगळे एवढे का घाबरतात?

कारण ते जागा सोडत नाही. विनक्रिस्टिनसारखं औषध मांसात गेलं तर त्रास देतं पण हळूहळू शरीर ते तिथून वाहून नेतं. डॉक्सोरुबिसिन मात्र पेशीच्या आत डीएनएला चिकटून बसतं, ती पेशी मेली फुटली की तेच औषध बाहेर पडून शेजारच्या पेशीत शिरतं, ती मेली की पुढची, असं आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणून वर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत जखम वाटीएवढी झालेली असते. आमच्या प्लास्टिक सर्जननी हे समजावताना सतरंजीला लागलेल्या विस्तवाचं उदाहरण दिलं होतं, वरून भोक लहान दिसतं आणि आतून धुमसत जातं.

लीक होतंय हे कळणार कसं?

सुईपाशी किंवा सुईच्या वरच्या बाजूला जळजळ, टोचल्यासारखं, ताणल्यासारखं, घट्ट वाटणं. सूज. लाली, नाहीतर उलट कातडी पांढरी गार पडणं. चिकटपट्टीखाली ओलं लागणं. सलाईनचे थेंब आपोआप मंद होणं किंवा थांबणं. सिस्टरनी सिरिंज मागे ओढली आणि रक्त आलं नाही. यातलं एकही झालं तरी लीक आहे असं समजूनच थांबायचं, नसलं तर चांगलंच आहे.

मात्र दुखलं नाही म्हणजे लीक नाही असं अजिबात नाही. काही वेळा सुरुवातीला काहीच कळत नाही आणि दोन-चार दिवसांनी लाल होतं. ज्यांच्या हातापायाला केमोमुळे किंवा डायबेटिसमुळे बधिरपणा आलाय त्यांना जळलेलं कळतच नाही, आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी जे इंजेक्शन देतात त्याने पेशंट गुंगीत असतो, तो कुठून सांगणार. त्यामुळे सोबत बसणाऱ्याचं काम आहे हात बघत राहणं. मोबाईल बघत बसू नका, कमीत कमी व्हेसिकंट चालू असताना तरी.

थोडंसंच जळतंय आणि सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे आहेत. पाच मिनिटं थांबलं तर चालेल का?

नाही.

इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण आमचं सगळं इथेच चुकलं. हॉलमध्ये एसी फुल होता, आईला थंडी वाजत होती म्हणून तिने शाल घेतली आणि सुईचा हात शालीच्या आत ठेवला. लाल औषध सुरू झाल्यावर थोड्या वेळाने तिला जळायला लागलं. तिने मला सांगितलं नाही, सिस्टरना सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "अगं त्या बिचारीला एवढे पेशंट, आणि केमो म्हटलं की जळणारच ना, मला वाटलं असंच असतं." मी समोरच्या खुर्चीवर बसून बिलाची रांग कुठवर आली ते बघत होते. शाल काढली तेव्हा हाताच्या पाठीवर लिंबाएवढी सूज होती आणि चिकटपट्टीच्या कडेला गुलाबी पाणी.

आपल्याकडे बायकांना, म्हाताऱ्या माणसांना आयुष्यभर हेच शिकवलेलं असतं की सोसावं, लोकांना त्रास देऊ नये. केमोच्या खुर्चीवर हे सोसणं हातावर बेततं. केमो शिरेत नीट जात असेल तर सुईपाशी आग व्हायला नको, झाली तर काहीतरी बघायला हवं, इतकं साधं आहे. सिस्टर लांब असतील तर ओरडा. सोबतच्या माणसाने उठून जा आणि घेऊन या. तोपर्यंत सलाईनच्या नळीवरचं चाक फिरवून थेंब बंद करता येतात, हे कसं करायचं ते केमो सुरू व्हायच्या आधीच सिस्टरना विचारून ठेवा, कोणी नाही म्हणत नाही. पण सुई स्वतः उपटू नका.

सुई का काढायची नाही? औषध तर तिथूनच जातंय ना?

औषध बंद करायचं, सुई ठेवायची. कारण त्याच सुईला रिकामी सिरिंज लावून जेवढं औषध मागे ओढता येईल तेवढं ओढून घेतात, मगच सुई काढतात. सुई आधीच काढली तर हा एक मार्ग गेला. त्या सुईतून नंतर सलाईन सोडून फ्लश करायचं नाही, जागा दाबायची चोळायची नाही, नाहीतर औषध अजून पसरतं. मग पेनाने सुजेच्या कडेने रेघ मारतात म्हणजे वाढतंय का कळतं, फोटो काढतात, हात उंच ठेवायला सांगतात आणि डॉक्टरांना बोलावतात. तुम्हीही तुमच्या मोबाईलवर फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे पुढच्या फोटोशी ताडून बघता येतं.

बर्फ लावायचा की गरम शेक?

हे औषधावर ठरतं, आणि उलटं केलं तर नुकसान होतं, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही.

डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, मायटोमायसिन यांना थंड. थंडीने शिरा आकसतात आणि औषध पसरायचं थांबतं. एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा, पहिले एक-दोन दिवस. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, कापडात गुंडाळून.

विनक्रिस्टिन, विनब्लास्टिन, विनोरेलबिन यांना कोरडा गरम शेक, साधारण २० मिनिटं, दिवसातून ४ वेळा. इथे उलटा विचार आहे, औषध पसरून पातळ होऊन निघून जावं असा. यांना बर्फ लावला तर जखम वाढू शकते. ओला गरम कपडा नको, कातडी भिजून फुटते.

ऑक्सालिप्लॅटिनला बर्फ नाही, कारण त्या औषधात थंडीनेच नसांना झिणझिण्या येतात, ज्यांनी घेतलंय त्यांना माहीतच असेल, फ्रिजमधली बाटली हातात धरता येत नाही.

पॅक्लिटॅक्सेलबद्दल एकमत नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते.

याला उतारा असं काही औषध आहे का?

आहे, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं की हे आम्हाला फार उशिरा कळलं.

डॉक्सोरुबिसिनच्या घराण्यातल्या औषधांसाठी डेक्सराझोक्सेन. मुळात हे औषध लाल औषधाचा हृदयावर होणारा परिणाम कमी करायला वापरतात. लीकनंतर ६ तासांच्या आत, दुसऱ्या हातातून सलाईनमधून देतात, सलग तीन दिवस, पहिले दोन दिवस शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला १००० मिलिग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी ५००. अमेरिकेत २००७ साली याला या कामासाठी मंजुरी मिळाली. त्याच वर्षी छापून आलेल्या अभ्यासात, बायोप्सी करून लीकची खात्री केलेल्या ५४ पेशंटपैकी फक्त एकाला ऑपरेशन लागलं. ५४ मधला एक! देण्याच्या आधी १५ मिनिटं बर्फ काढायचा असतो, नाहीतर औषध त्या जागेपर्यंत पोचणार कसं. याने रक्तातल्या पेशी अजून खाली जाऊ शकतात म्हणून नंतर रक्त तपासत राहतात.

ते मिळत नसेल तर डीएमएसओ नावाचं द्रव आहे, ते जागेवर पातळ लावून उघडं सुकू देतात, दर ६ ते ८ तासांनी, आठवडा-दोन आठवडे. पण डेक्सराझोक्सेन चालू असेल तर डीएमएसओ लावायचं नाही, दोन्ही एकत्र नको.

विनक्रिस्टिनच्या गटाला हायल्युरोनिडेज. हे एन्झाइम सुजेच्या कडेने कातडीत बारीक बारीक टोचून देतात, त्याने मांसातली वाट मोकळी होते आणि औषध पांगून जातं. पॅक्लिटॅक्सेलसाठीही काही ठिकाणी वापरतात.

स्टेरॉइडचं इंजेक्शन तिथल्या तिथे मारायची जुनी पद्धत होती, आता ते सांगत नाहीत, विनक्रिस्टिनमध्ये तर त्याने बिघडतं.

सगळीकडे ही औषधं कपाटात असतीलच असं नाही. म्हणून पहिल्या केमोच्या आधीच विचारा, तुमच्याकडे एक्स्ट्राव्हॅसेशन किट आहे का, डेक्सराझोक्सेन लागलं तर किती वेळात येईल. ६ तास खूप वाटतात पण संध्याकाळी चारला लीक झालं आणि औषध शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळत असेल तर ते कसे जातात कळत नाही.

हळद, कोरफड, बटाट्याच्या चकत्या, थ्रॉम्बोफोब मलम लावलं तर?

सलाईनने शीर सुजली तर बटाटा लावतात, मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवतात, मलम लावतात, त्यामुळे लोकांना वाटतं इथेही तेच. लीक झालेल्या जागेवर विचारल्याशिवाय काहीही लावू नका. हळदीने तर रंगच बदलतो, मग डॉक्टरांना लाली वाढतेय की नाही ते दिसणार कसं. टूथपेस्ट लावून आलेला हातही मी बघितलाय. आणि चोळून तेल लावू नका, आजीने कितीही आग्रह केला तरी.

शिरेच्या रेषेत लाल पट्टा उठला, खाज येतेय, पण सूज नाही. हे काय?

लाल औषधात असं होऊ शकतं, त्याला फ्लेअर म्हणतात, ती शिरेची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते, रक्त मागे नीट येतं आणि अर्ध्या-पाऊण तासात सहसा बसतं. पण हे फ्लेअर आहे की लीक हे तुम्ही आणि मी ठरवायचं नाही. औषध थांबवून सिस्टर-डॉक्टर बघतील.

हातावरची शीर काळी, दोरीसारखी कडक झालीय, जुनं लीक आहे का?

बहुतेक नाही. केमोने शीर आतून भाजल्यासारखी होते, फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाने तर काळ्या रेषा पडू शकतात. फिकट व्हायला महिने लागतात. दाखवून ठेवा, पण घाबरू नका.

घरी आल्यावर तीन दिवसांनी लाल झालं, दुखतंय. आता काय उपयोग?

उपयोग आहे. त्याच दिवशी जा, पुढच्या केमोची तारीख येईपर्यंत थांबू नका. रात्र असली तरी डे-केअरचा नंबर लावा, डिस्चार्जच्या कागदावर तो असतो, नसेल तर पुढच्या वेळी लिहून घ्या. सोबत ताप असेल, थंडी वाजत असेल तर अजिबातच थांबायचं नाही, कारण केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली असतात आणि उघड्या जखमेतून इन्फेक्शन झटकन अंगात जातं. अशा वेळी कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य "केमो चालू आहे" हे सांगायचं, हाताचं नंतर.

जखम किती दिवसांत भरते? ऑपरेशन लागतंच का?

लागतंच असं नाही. कमी औषध गेलं आणि लगेच थांबवलं तर बऱ्याच जणांचं लाली-सुजेवर निभावतं. पण निकाल लगेच लागत नाही, व्हेसिकंटची जखम आठवड्याने, दोन आठवड्यांनी उघडते, मायटोमायसिनची तर त्याहूनही उशिरा. म्हणून पहिले काही दिवस रोज, मग आठवड्याला, असं दाखवत राहावं लागतं. कातडी मरत असेल, दुखणं थांबत नसेल, तर प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवलेलं बरं. काही ठिकाणी पहिल्या काही तासांतच बारीक छेद देऊन आतलं औषध भरपूर सलाईनने धुऊन काढतात, तेही प्लास्टिक सर्जनच ठरवतात.

आईचं असं झालं. पहिले चार दिवस लाली. मग ती जांभळी झाली. आठव्या दिवशी फोड, अकराव्या दिवशी मधोमध काळी खपली, कोरड्या खजुराच्या सालीसारखी, आणि बोटं मिटली की खपलीच्या कडेला भेग पडायची. रात्रभर हात उशीवर उंच धरून बसायची. पाचव्या आठवड्यात ऑपरेशन करून मेलेलं सगळं काढलं, खाली बोटं उघडणारी स्नायूची दोरी (टेंडन) दिसत होती, मांडीची कातडी काढून तिथे लावली. केमो मध्ये महिनाभर थांबली, आणि ते थांबणं आम्हाला हातापेक्षा जास्त भीतीचं होतं. नंतर फिजिओथेरपी, रबरी चेंडू दाबायचा, बोटं एकेक करून टेबलावर उचलायची. अजून मधलं बोट पूर्ण ताणत नाही. पोळी लाटते, भाकरी थापता येत नाही, परातीत पीठ सरकतं आणि पंजा सपाट पडत नाही. ऑपरेशन झालं नाही तरी सूज असताना बोटं हलवत राहा असं डॉक्टर सांगतात, ते मनावर घ्या, हात आखडला की सोडवायला फार वेळ जातो.

सुई कुठे लावून घ्यावी?

मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात. तिथे मांस जास्त असतं. हाताची पाठ, मनगट आणि कोपराची खोबण टाळायची, कारण तिथे कातडीखाली लगेच नसा, दोऱ्या, सांधा असतो, लीक झालं तर बोटांची हालचालच जाते. कोपरात लीक झालं तर सूज पटकन दिसतही नाही. पायात तर नकोच. ब्रेस्टच्या ऑपरेशनमध्ये ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात तो हात द्यायचा नाही, त्यामुळे एकाच हातावर सगळा भार येतो आणि शिरा लवकर संपतात.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पहिल्यांदा टोचलं आणि शीर मिळाली नाही, तर दुसरी सुई त्याच शिरेत त्या भोकाच्या खाली लावायची नाही. औषध वर खांद्याकडे जाताना त्या आधीच्या भोकातून बाहेर येतं. म्हणून वरच्या बाजूला, नाहीतर दुसऱ्या हाताला.

काल लावलेली सुई आजच्या व्हेसिकंटसाठी वापरू देऊ नका, नवीन लावून घ्या. सुईवर पारदर्शक पट्टी लावायला सांगा, पांढऱ्या चिकटपट्टीचे थरच्या थर नकोत, आतलं दिसायला हवं. औषधाआधी साधं सलाईन सोडून आणि रक्त मागे येतंय ते बघूनच सुरुवात करतात, आणि मध्येही दर ५ ते १० मिनिटांनी बघतात. हातातल्या शिरेतून व्हेसिकंट मशीनच्या पंपाने द्यायचं नसतं, कारण शीर फुटली तरी पंप ढकलतच राहतो.

आपल्याकडून काय, तर आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलं नसेल तर. हात गरम ठेवा म्हणजे शिरा वर येतात. बांगड्या, घड्याळ काढा. लांब बाहीचा स्वेटर नको, थंडी वाजली तर शाल अंगावर घ्या पण सुईचा हात बाहेर. औषध सुरू व्हायच्या आधी बाथरूमला जाऊन या. बाथरूमच्या दाराच्या कडीत नळी अडकून सुई हललेली मी डोळ्यांनी बघितलीय.

दोन-तीन टोचण्या झाल्या तरी शीर सापडत नाही. गप्प बसावं का?

अनुभवी सिस्टरना बोलवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. नम्रपणे सांगा पण सांगा. त्यात त्यांचा अपमान नाही, चांगल्या सिस्टर स्वतःच दोनदा झालं की दुसऱ्यांना हाक मारतात.

पोर्ट किंवा पिक लाईन लावलेली बरी का?

शिरा बारीक असतील, केमो बरीच असतील, किंवा व्हेसिकंट औषध तासन् तास चालणार असेल तर नक्की विचारा. पोर्ट म्हणजे छातीजवळ कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिची नळी मोठ्या शिरेत जाते, वरून खास सुई टोचून औषध देतात. पिक लाईन दंडातून घालतात आणि तिची नळी बाहेर राहते, दर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश लागतो, अंघोळीला भिजवायची नाही. आईला हाताच्या ऑपरेशननंतर पोर्ट बसवला आणि उरलेली केमो निवांत झाली. पोर्टचा खर्च आहे, इन्फेक्शन, गाठ होण्याचा धोका आहे, सरसकट सगळ्यांना लागतो असं नाही.

पण पोर्ट आहे म्हणजे लीक होऊच शकत नाही असं समजू नका. सुई डबीत नीट बसली नाही किंवा नळी तुटली सरकली तर छातीत औषध जातं आणि तिथे बाहेरून कळायला अजून अवघड. छातीत, खांद्यात, मानेत दुखलं, जळलं तर तसंच लगेच सांगा.

एकदा लीक झालं, आता केमोच नको वाटते.

हे मला आईनेही म्हटलं होतं, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये. मी तिला काही शिकवलं नाही, डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं आणि त्यांनी पुढची केमो कशी देणार ते एकेक सांगितलं. केमो बंद करण्याचा निर्णय हाताच्या रागात घ्यायचा नाही. दुसरा हात, पोर्ट, औषधात बदल, असे मार्ग असतात.

अजून एक, पुढची केमो दुसरीकडून नीट गेली तरी कधी कधी जुनी लीकची जागा पुन्हा लाल होते, त्याला रिकॉल म्हणतात. पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिनमध्ये हे बघायला मिळतं. नवीन लीक नसतं पण दाखवायचं.

चूक कोणाची? तक्रार करावी का?

सगळं नीट करूनही लीक होऊ शकतं, शिरा केमोने कमजोर झालेल्या असतात. लीक होणं आणि लीक झाल्यावर दुर्लक्ष होणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. आम्हाला त्या संध्याकाळी मलम देऊन घरी पाठवलं, औषध कुठलं गेलंय याची नोंदही कागदावर नव्हती, याचा राग माझा अजून गेलेला नाही. म्हणून सांगते, नोंद करून घ्या. औषधाचं नाव, अंदाजे किती मिली गेलं, किती वाजता, कुठल्या हातात कुठे, काय उपचार केला, कोणी बघितलं. हे फाइलमध्ये असेल तर पुढचा डॉक्टर पाच मिनिटांत ठरवतो, नाहीतर तोही अंदाज करत बसतो. तक्रार करायची असेल तरी हाच कागद लागतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमो चालू असेल तर लीकच्या उपचाराचं, ऑपरेशनचं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी विचारा, सगळं झाल्यावर नको.

आमचे वडील गावाहून एसटीने एकटेच केमोला जातात. त्यांनी काय करावं?

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, सुईपाशी जळलं की लगेच हाक मारायची, आणि तो कागद खिशात नाही, हातात द्या. शक्य असेल तर सुईसाठी डावा हात, उजव्याने जेवणाऱ्या माणसाचा. खुर्ची सिस्टरच्या टेबलाच्या समोरची मागून घ्यायची. शेजारच्या पेशंटसोबत कोणी असेल तर त्यांना सांगून ठेवायचं की जरा माझ्याही हाताकडे बघा हो, डे-केअरमध्ये लोक आनंदाने बघतात. आणि परतीच्या एसटीत बसायच्या आधी, स्टँडवर नाही तर हॉस्पिटलमध्येच, बाही वर करून हात एकदा उजेडात बघायचा, दुसऱ्या हाताशी लावून.